दात साफ करणं वेगळं, पांढरे करणं वेगळं

गटाच्या बैठकीत एक प्रश्न आता वरचेवर येतो. "दात पांढरे करून घ्यायचेत, अंतर्गत कर्ज मिळंल का?" लग्नसराई जवळ आली की हमखास. ऐकून काहीजणी हसतात. आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बायका आपल्या उमरगा तालुक्यात गावोगावी आहेत. म्हणून आज याच कामाबद्दल बोलू. यात दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे.

पहिलं काम म्हणजे दातांची सफाई. डॉक्टर त्याला स्केलिंग म्हणतात. दातावर रोज एक चिकट थर बसतो. घासला तर निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होऊ लागतो. पाणी तापवायच्या भांड्याला आतून क्षार धरतो ना, तसंच. हेच कीटण. एकदा धरलं की ब्रशनं निघत नाही. ते हिरडीखाली शिरतं, हिरडी सुजते, रक्त येतं, तोंडाला वास येतो. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. पन्नाशीत दात हलले की आपण वयाला दोष देतो. पुष्कळदा दोष कीटणाचा असतो.

सफाईच्या मशीनचं टोक फार वेगानं थरथरतं, सोबत पाण्याची धार असते आणि कीटण सुटून येतं. शेवटी पॉलिश करतात. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. थर जाड असेल तर दोन-तीन खेपा होतात. "मशीन लावलं की दात सैल होतात" असं आपल्याकडं अनेकजणी सांगतात. ते खरं नाही. आधीच सैल झालेला दात कीटणाच्या आधारानं उभा असतो, कीटण निघालं की खरी स्थिती कळते, इतकंच. दातांमध्ये फटी जाणवतात, चार-आठ दिवस थंड पाणी लागतं, मग बरं वाटतं.

दुसरं काम म्हणजे ब्लीचिंग, म्हणजे खरोखर पांढरे करणं. यात पेरॉक्साइड नावाचं औषध दाताला लावून दाताचा रंग फिका करतात. खासगीत सफाई बहुधा काहीशे रुपयांत होते, ब्लीचिंगचा खर्च हजारांत जातो. परिणाम कायम टिकत नाही. बसवलेल्या दाताचा, कॅपचा किंवा सिमेंटचा रंग त्यानं बदलत नाही. दात काही दिवस शिवशिवतात. गरोदरपणात ते करतच नाहीत. आमचं मत विचाराल तर आधी सफाई करून घ्या. आपल्याकडच्या बायकांच्या दातांवरचा काळपट थर बहुतेक चहाचा, पानाचा आणि मिश्रीचा असतो, आणि तो वरचा डाग सफाईत व पॉलिशमध्ये बराचसा निघतो. मग कर्जाची गरज उरते का ते पाहू.

पण सफाई करून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मिश्री लावली तर पैसे पाण्यात. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. तिच्यानं दात घट्ट होतात, पोट साफ होतं असं सासू सुनेला सांगत आली. घट्ट काही होत नाही. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं आणि सवय लागते. सकाळी लावल्याशिवाय काम सुचत नाही ते त्यामुळं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. घरी तव्यावर भाजणाऱ्याला मात्र कोण अडवणार?

गरोदर लेकीसुनांसाठी तर ही गोष्ट फार मोलाची आहे. मुंबईत १,२१७ बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. आपल्याकडं अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे काय काळजी असते, हे आशाताईंना विचारा.

गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीसारखं उघडेना, तिखट सोसेना, तर दात पांढरे करायचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तोंड दाखवून या. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. मिश्री सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे.

बाजारात बाटलीतलं पाणी लावून मिनिटात दात पांढरे करून देणारे बसतात, त्यांच्याकडं जाऊ नका. त्यात आम्ल असलं तर ते दाताचं वरचं कवच खातं, आणि ते कवच पुन्हा येत नाही. विटेचा भुगा, राख, लिंबू-मीठ यांचंही तसंच, घासून घासून दात झिजतात.

जायचं कुठं? आधी उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. लातूरला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. खासगीत गेलात तर खुर्चीत बसण्याआधीच विचारा, हे पैसे सफाईचे की ब्लीचिंगचे, आणि किती खेपांचे. साखर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर तेही आधीच सांगा. गरोदरपणात सफाई चालते, चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीची पडते. चालू गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत असू द्या.