स्मृती वाढवली आणि पडदा काळा!

गेल्या वर्षी एका शाळेतील संगणक मला दाखवण्यात आला. यंत्र २००८ सालचे, स्मृती अवघी १ गिगाबाइट. ते फार रेंगाळत चाले, म्हणून तेथील शिक्षकांनी रॅमची २ गिगाबाइटची आणखी एक पट्टी आणली. जुनी पट्टी काढून पाहिली, परत बसवली, शेजारच्या खाचेत नवी बसवली आणि बटण दाबले. पडदा काळाच! आतून नुसते ‘पीं पीं पीं’ असे आवाज. घाबरून त्यांनी नवी पट्टी काढून टाकली, तरीही तेच. “सर, मदरबोर्डच जळाला,” ते म्हणाले. यंत्र भंगारात जायच्या बेतात होते.

तुम्ही असता तर काय केले असते?

प्रथम तो आवाज समजून घेऊ. संगणक सुरू होताच एका कायम स्मृतीच्या चकतीत लिहून ठेवलेला छोटा कार्यक्रम आधी रॅम तपासतो. पडद्यावर अक्षरे उमटवण्याची तयारी त्यानंतर होते. म्हणून रॅमच सापडली नाही, तर तक्रार सांगायला त्याच्याजवळ आवाजावाचून दुसरे साधन नसते. आता असे पहा: जो संगणक तक्रार करतो आहे, त्याचा मदरबोर्ड पुरता जळालेला कसा असेल?

पेटी उघडण्यापूर्वी वीजपुरवठ्याची तार भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा. संगणक बंद असला तरी तार जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डाला ५ व्होल्टचा पुरवठा चालूच असतो. मग पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? तो स्थितिक विजेचा खेळ. सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत आपल्याला तिचा चटकाही जाणवत नाही, पण रॅममधील चकत्या काहीशे व्होल्टनेही निकामी होऊ शकतात. (वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र कधीही उघडू नका.)

आता पट्टीची जात पाहू. त्या यंत्राला डीडीआर-२ लागे. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांना २४० संपर्क आणि लांबीही सारखीच. पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून तिच्या कडेतील कापाची जागा बदललेली असते. पट्टी बसत नसेल तर जोर करू नका, काप पाहा. इथे दोन्ही पट्ट्या डीडीआर-२ च होत्या.

मग उरली खरी कसोटी. जुन्या पट्टीला ‘क’ म्हणू, नवीला ‘ख’. खाचा दोन. एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत. म्हणजे चार प्रयोग. ‘क’ पहिल्या खाचेत: आवाज. ‘क’ दुसऱ्या खाचेत: संगणक सुरू! ‘ख’ पहिल्या खाचेत: आवाज. ‘ख’ दुसऱ्या खाचेत: सुरू! दोष पट्टीबरोबर फिरला असता तर पट्टी वाईट. येथे तो खाचेतच ठाण मांडून बसला. दोन्ही एकदम बदलल्या असत्या, तर हे कधीच कळले नसते.

विजेरी आणि भिंग घेऊन पाहिले, तर पहिल्या खाचेत धुळीचा एक बारीक तंतू. जुनी पट्टी काढताना तो आत पडला असावा. मऊ, कोरड्या कुंचल्याने तो काढला आणि दोन्ही पट्ट्या टोकाच्या खिट्ट्या ‘खट्’ होईपर्यंत दाबल्या. संगणक सुरू झाला, पडद्यावर ३ गिगाबाइटचा आकडा आला. (पट्टीचे संपर्क खोडरबराने घासण्याची आपल्याकडे फार सवय आहे. त्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो झिजतो. मी तरी कोरडे सुती फडकेच वापरतो.)

काम इथे संपले नव्हते. रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातील वीजभार. तो गळक्या रांजणातील पाण्यासारखा सतत झिरपतो, म्हणून प्रत्येक धारित्र दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरले जाते. २ गिगाबाइटच्या पट्टीत अशी सुमारे १,७१८ कोटी धारित्रे! त्यांतील एखादे जास्त गळके असेल, तर संगणक सुरू होतो, पण मधेच अडकतो, कधी फाइलीत भलतेच अक्षर येते. अशा वेळी दोष विंडोजच्या माथी मारला जातो. म्हणून मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम रात्रभर चालवला. तो प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितो आणि पुन्हा वाचून ताडून पाहतो. सकाळी चुका शून्य.

शिक्षकांनी लगेच विचारले, “आता १ ची पट्टी काढून आणखी एक २ ची घालू का?” त्या यंत्रावरचे विंडोज ३२ बिटांचे होते. ३२ बिटांनी फक्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात, म्हणजे बरोबर ४ गिगाबाइट. पण त्यांतले काही पत्ते चित्रपत्रासारख्या इतर भागांसाठी राखून ठेवलेले असतात. तेव्हा ४ बसवून त्यांना ३ ते ३.५ गिगाबाइटच दिसले असते. मी त्यांना पैसे वाचवायला सांगितले.