परिचारिकांना पारखते कोण? प्रमाणन संस्थेतील स्वयंसेवी तज्ज्ञ आणि त्यांची कामे



रुग्णालयात भरती झालेला रुग्ण सलाईन लावायला आलेल्या परिचारिकेकडे तिचे प्रमाणपत्र मागत नाही. कोणीतरी ते आधीच तपासले असेल, असे तो धरून चालतो. हे 'कोणीतरी' म्हणजे नेमके कोण, हे या पाठात पाहायचे आहे. बहुतेक वेळा ती दुसरीच एखादी परिचारिका असते. ती आपली नोकरी सांभाळून, रजा टाकून, पगाराशिवाय किंवा थोड्या मानधनावर हे काम करते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत परकी वाटू नये. एनबीएच्या वतीने आपला अभ्यासक्रम तपासायला येणारे प्राध्यापकही दुसऱ्या महाविद्यालयात शिकवणारेच असतात.

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण बोलताना त्यांची सरमिसळ होते. नोंदणी व्यक्तीची होते आणि ती सक्तीची असते. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मान्यता संस्थेला मिळते, म्हणजे अमुक महाविद्यालयाची पदवी ग्राह्य आहे की नाही हे ठरते. प्रमाणन ऐच्छिक असते. ते व्यक्तीचे असू शकते किंवा एखाद्या रुग्णालयातील शुश्रूषा सेवेचे. किमान पातळीच्या वर आपण काय करतो, ते दाखवण्यासाठी प्रमाणन घेतले जाते.

भारतात या तिन्ही व्यवस्थांचे धागे दिल्लीत येऊन मिळतात. इंडियन नर्सिंग कौन्सिल दिल्लीत आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे टीएनएआय, ही १९०८ साली स्थापन झालेली व्यावसायिक संघटना दिल्लीत आहे. रुग्णालयांचे मानांकन करणारे एनएबीएच हे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे अंग असून तेही दिल्लीतून चालते.

निवडून आलेले आणि नेमलेले

१९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याचे कलम ३ एकदा मुळातून वाचा. परिषदेत कोण बसणार, याची ती यादी आहे. प्रत्येक राज्य परिषदेने निवडलेली एक नोंदणीकृत परिचारिका, प्रशिक्षण संस्थांच्या प्रमुखांनी आपल्यातून निवडलेले प्रतिनिधी, टीएनएआयचा प्रतिनिधी, डॉक्टरांच्या संघटनेचा प्रतिनिधी, आरोग्य सेवा महासंचालकांसारखे पदसिद्ध अधिकारी, केंद्र सरकारने नेमलेले काही जण आणि संसदेने निवडलेले तिघे. सदस्यत्वाची मुदत ५ वर्षे. यादी लांब आहे आणि तिच्यात सरकारी अधिकाऱ्यांची गर्दी आहे, हे खरे. तरी गाभा हा की व्यवसायातल्या माणसांनी आपल्यातूनच काही जणांना निवडून पाठवायचे.

२०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायद्याने हा गाभा बदलला. त्यात २९ सदस्यांचा आयोग आहे. त्याच्या अध्यक्षाकडे नर्सिंगमधील पदव्युत्तर पदवी आणि किमान २० वर्षांचा अनुभव हवा. ती निवड मतदानाने होत नाही, शोध व निवड समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकार नेमणूक करते. आयोगाखाली तीन स्वायत्त मंडळे आहेत. शिक्षणाचे एक, मूल्यमापन व श्रेणीचे दुसरे आणि आचारनीती व नोंदणीचे तिसरे.

यातले बरे कोणते? निवडणुकीत लोकप्रिय माणूस येतो, तो जाणकार असेलच असे नाही. नेमणुकीत जाणकार माणूस येऊ शकतो, पण त्याचे उत्तरदायित्व खाली परिचारिकांकडे न राहता वर नेमणाऱ्याकडे जाते. माझ्या मते नव्या कायद्यातील सर्वांत उपयोगी गोष्ट अध्यक्षाची पात्रता नसून मंडळांची विभागणी ही आहे. ती का, ते पुढे पाहू.

पाहणारा वेगळा, ठरवणारा वेगळा

वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब करणारा आणि गेज लावून तो पास करणारा, ही दोन वेगळी माणसे असतात. तज्ज्ञांच्या संस्थेतही हाच नियम असतो. १९४७ च्या कायद्यानुसार तपासनीस परिषदेतील सदस्य असू शकतो किंवा बाहेरचा, पण त्याने फक्त पाहून अहवाल द्यायचा. अहवाल जातो कार्यकारी समितीकडे, आणि त्याची प्रत संबंधित संस्थेलाही मिळते.

एनएबीएचमध्ये रुग्णालयाच्या शुश्रूषा सेवेसाठी वेगळे 'नर्सिंग एक्सलन्स' प्रमाणन आहे. त्याच्या मानकांत मनुष्यबळ, रुग्णाची शुश्रूषा, औषधांचे व्यवस्थापन, संसर्ग प्रतिबंध, गुणवत्तेचे निर्देशांक असे विभाग आहेत. मूल्यांकनकर्ता वॉर्डात फिरतो, नोंदी पाहतो, परिचारिकांशी बोलतो आणि त्रुटी लिहून देतो. रुग्णालयाला त्या दुरुस्त करायला वेळ मिळतो. प्रमाणपत्र द्यायचे की नाही, हे मात्र समिती ठरवते.

असे का? वॉर्डात दोन दिवस काढलेल्या माणसाचे मत त्या वॉर्डाबद्दल बनतेच. मेट्रनने अगत्याने चहा पाजला, मुली मेहनती दिसल्या, की लेखणी थोडी मऊ होते. उलट एखादीने उद्धटपणे उत्तर दिले, की ती कडक होते. समितीपुढे फक्त कागद असतो. व्यक्तींच्या प्रमाणनासाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. उमेदवाराला ज्याने शिकवले किंवा ज्याने त्याची परीक्षा घेतली, त्याने प्रमाणनाचा निर्णय घेऊ नये, अशी अट त्यातही आहे.

प्रश्न लिहिणारे हात

व्यक्तीच्या विशेष कौशल्याचे ऐच्छिक प्रमाणन अमेरिकेत चांगले रुजले आहे, म्हणून हा भाग तिथून घेऊ. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९७३ मध्ये ते सुरू केले. पुढे त्यासाठी एएनसीसी ही वेगळी उपसंस्था काढली. संघटनेचे काम परिचारिकांची बाजू मांडणे हे आहे आणि परीक्षकाने कोणाची बाजू घ्यायची नसते, त्यामुळे ही फारकत योग्यच.

अशा संस्थेत पगारी कर्मचारी परीक्षा चालवतात, पण परीक्षेतला मजकूर स्वयंसेवी परिचारिकांचा असतो. काही जणी 'या पदावरची परिचारिका रोज काय करते' याचा अभ्यास करून अभ्यासक्रमाची चौकट बांधतात, काही प्रश्न लिहितात, काही ते तपासतात. उत्तीर्ण होण्याची रेषा कुठे आखायची, हे काम सगळ्यांत अवघड असते. सरसकट ४० किंवा ५० टक्के धरणे सोपे आहे, पण पेपर कठीण निघाला तर चांगल्या परिचारिका नापास होतात आणि सोपा निघाला तर कच्च्या पास होतात.

यासाठी एक पद्धत विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ मधील लेखनातून रूढ झाली. प्रत्येक तज्ज्ञाने डोळ्यांसमोर जेमतेम पात्र अशा १०० परिचारिका आणायच्या आणि हा प्रश्न त्यांतल्या किती जणी बरोबर सोडवतील, ते सांगायचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. प्रश्न असा : पोटॅशियम क्लोराइडचे गाढ इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत दिले तर काय होईल? (हृदय बंद पडू शकते.) पाच तज्ज्ञांचे अंदाज ९०, ९५, ८०, ८५ आणि ९०. बेरीज ४४०, सरासरी ८८, म्हणजे या प्रश्नाचे वजन ०.८८. सगळ्या प्रश्नांची अशी वजने मिळवली की उत्तीर्णतेची रेषा मिळते.

यात एक खोच आहे. अतिदक्षता विभागात २० वर्षे काढलेली तज्ज्ञ म्हणेल, "हे तर १०० जणींना यायलाच हवे!" 'यायला हवे' आणि 'येईल' यांत फरक आहे. सगळ्या प्रश्नांना १०० लिहिले तर रेषा पूर्ण गुणांवर जाईल आणि कोणीच पास होणार नाही. म्हणून तज्ज्ञांनाही आधी प्रशिक्षण द्यावे लागते. तज्ज्ञ जितका अनुभवी, तितका तो नवख्याची अडचण विसरलेला असतो. तेव्हा पाच जणींमध्ये एखादी तीन-चार वर्षे नोकरी झालेली असावी.

वेळ कोणाकडे आहे?

इथे या व्यवस्थेची दुखरी बाजू येते. काम स्वेच्छेचे म्हटले की ते ज्याला परवडते तोच करतो. प्राचार्यांना आणि नर्सिंग अधीक्षकांना समितीच्या बैठकीसाठी 'ऑन ड्यूटी' मिळू शकते. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या स्टाफ नर्सला त्याच बैठकीसाठी हक्काची रजा खर्चावी लागते, नाहीतर कोणाशी तरी ड्यूटी बदलून घ्यावी लागते, तीही मिळाली तर. मग मानके लिहिणाऱ्यांत खाटेपासून दूर गेलेल्यांची संख्या वाढते. परिणाम वॉर्डात दिसतो. एका रुग्णामागे भरायचे तक्ते वाढत जातात आणि ते भरायला लागणारा वेळ रुग्णाच्याच वाट्यातून जातो. तक्ता सुचवणाऱ्याने तो शेवटचा कधी भरला होता, हा प्रश्न समितीत कोणीतरी विचारायला हवा.

दुसरी अडचण हितसंबंधांची. ज्या रुग्णालयात आपण काम केले, जिथे सल्ला दिला, जिथे नातलग नोकरीला आहे, तिथे तपासायला जायचे नाही आणि हे आधी लिहून द्यायचे. नियम सोपा आहे. पण अतिदक्षता किंवा नवजात शिशु विभागासारख्या छोट्या क्षेत्रात सगळे तज्ज्ञ एकमेकांना ओळखतात, तिथे पूर्ण अनोळखी माणूस मिळणे कठीण. अशा वेळी एकाऐवजी दोघांना पाठवणे आणि ओळख असल्यास अहवालात तशी नोंद करणे, एवढे तरी करता येते.

तुमच्यापैकी कोणी नर्सिंगचे विद्यार्थी असाल तर या वाटेची पहिली पायरी पदवीच्या आधीच आहे. टीएनएआयची स्टुडंट नर्सेस असोसिएशन १९२९ पासून चालते. महाविद्यालयातल्या तिच्या शाखेत विद्यार्थी स्वतः पदाधिकारी होतात. बैठक बोलावणे, इतिवृत्त लिहिणे, विरोधी मत नोंदवून घेणे ही कामे तिथे हाताखालून जातात. पुढे नोंदणी, काही वर्षांची रुग्णसेवा आणि मूल्यांकनकर्त्याचे प्रशिक्षण झाले की तपासणीला जाता येते. सुरुवातीला एखाद्या अनुभवी माणसाबरोबर जा, आणि वॉर्डात शिरल्यावर फाइल मागण्याआधी रात्रपाळी करून निघालेल्या परिचारिकेला गाठा.