वकिलीच्या वाटेवर एकच दार नको

बाबासाहेबांच्या लेकरांना वकिलीचे मोल नव्याने सांगायला नको. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला आमचा बाप १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि पुढे त्याच हातांनी संविधान घडले. पण २००६ ची खैरलांजी आठवा. २००८ च्या निकालात खून सिद्ध झाला, अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. कायदा पुस्तकात असून भागत नाही. तो कोर्टात नेटाने मांडणारा माणूस लागतो. तो माणूस आर्णीसारख्या तालुक्यातून यायचा असेल, तर कॉलेजांची यादी हा चळवळीचाच प्रश्न आहे.

आपल्याकडे घडते काय? एक विद्यार्थी जवळ म्हणून फक्त यवतमाळचे नाव भरतो. दुसरा फक्त मोठमोठी नावे भरतो. पहिल्याचे गुण वाया जातात, दुसऱ्याचे वर्ष. म्हणून आम्ही म्हणतो, यादी तीन पायऱ्यांची करा.

पहिली पायरी उंच उडीची : मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे. त्यासाठी क्लॅट परीक्षा लागते. ती अलीकडे डिसेंबरात, म्हणजे बारावीच्या परीक्षेआधीच होते. निकालानंतर जागे होणाऱ्याचे हे दार आधीच बंद झालेले असते. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी बरोबरीची : मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस, नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय. येथे राज्याची सीईटी चालते. तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तिसरी पायरी हक्काची : अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि यवतमाळचे अमोलकचंद विधी महाविद्यालय. येथे शिकण्यात कमीपणा नाही. जिल्हा न्यायालयात आपला माणूस उभा राहणे ही लहान गोष्ट नव्हे. बारावीनंतर जमले नाहीच, तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच.

पसंतीक्रम मात्र भीतीने लावू नका, इच्छेने लावा. जागा गुण आणि पसंती पाहून मिळते. जवळचे कॉलेज वर लिहिले आणि तेच मिळाले, तर खालचे हवेसे कॉलेज गेलेच समजा.

फीचा आकडा पाहून नाव खोडू नका. अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहे आहेत, स्वाधार योजना आहे. नेमके काय लागू होते ते समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा. खरा घात कागद करतो. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, पण जातवैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर राखीव जागा डोळ्यांदेखत जाते. त्याचा अर्ज अकरावीतच करा. आदिवासी बांधवांनीही.

विहारांत जयंतीच्या वर्गणीचा हिशेब होतो, तसा दर जूनमध्ये बारावीला गेलेल्या मुलामुलींच्या कागदांचाही व्हावा. शिकलेल्या कार्यकर्त्याने एका विद्यार्थ्याची यादी सोबत बसून भरावी. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदेची नोंदणी फी अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणून ठेवली. शेवटचे दार एवढे स्वस्त झाले असताना पहिल्याच दारात आपली मुले अडू नयेत, ही जबाबदारी आपली आहे.

जयभीम!