हिल्वरसमची मैफल : एकोणपन्नास वर्षांनंतर

रात्री लघुलहरींवर दूरदेशीची केंद्रे शोधीत बसण्याचा ज्यांना एके काळी छंद होता, त्या वाचकांस हिल्वरसम हे नाव अपरिचित वाटणार नाही. हॉलंडमधील हे लहानसे नगर म्हणजे त्या देशाच्या नभोवाणीचे माहेरघर. १९४७ मध्ये स्थापन झालेली ‘रेडिओ नेदरलँड्स’ येथूनच साऱ्या जगाशी बोलत असे. २०१२ मध्ये तिचे ध्वनिक्षेपण थांबले. परंतु या नगराची दुसरी एक देणगी त्यानंतर पाच वर्षांनी रसिकांच्या हाती आली. २२ जून १९६८ रोजी तेथील ध्वनिमुद्रणगृहात, श्रोत्यांच्या समक्ष, बिल इव्हान्स या अमेरिकन पियानोवादकाने दोन साथीदारांसह एक मैफल केली होती. तिचे ध्वनिमुद्रण २०१७ मध्ये ‘अनदर टाइम’ या नावाने प्रथमच अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. मधल्या एकोणपन्नास वर्षांत त्या त्रयीचा नायक इहलोक सोडून गेला होता, आणि पंचविशीच्या आतबाहेरचे त्याचे दोघे सहकारी सत्तरी ओलांडून गेले होते.

जाझ हा आपल्या घरातला विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु गोमंतकीय वाचक ते मान्य करणार नाहीत. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले कितीतरी वादक मुंबईच्या हॉटेलांतील जाझवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नावारूपाला आले. हळदोण्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही नावे कोण विसरेल? ज्या चित्रपटगीतांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांच्या पडद्याआड हे संगीत उभे होते. तेव्हा या पाहुण्याची विचारपूस करण्यास संकोच नको.

साथ नव्हे, संवाद

बिल इव्हान्सचा जन्म १६ ऑगस्ट १९२९ रोजी न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे झाला. १९५९ साली माइल्स डेव्हिस या तुतारीवादकाच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या विख्यात ध्वनिमुद्रिकेत त्याने पियानो वाजविला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतःची त्रयी उभी केली. पियानो, डबल बेस आणि ड्रम्स अशी तीनच वाद्ये. तोवरची सर्वसाधारण रीत अशी, की पियानोने बोलावे आणि इतर दोघांनी लय सांभाळावी. इव्हान्सने ही उतरंड मोडली. त्याच्या त्रयीत बेस केवळ पायाभरणी करीत नाही. तो मध्येच प्रश्न विचारतो, प्रतिवाद करतो, क्वचित पियानोलाच गप्प बसवितो. आपल्याकडील तबलजी ठेका धरून असता एकाएकी गवयाच्या बोलतानेला उत्तर देतो, तेव्हा जो आनंद होतो, तोच येथे घडोघडी होतो.

ज्यांनी जाझ मुळीच ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी एक खूण सांगून ठेवतो. आरंभी एखाद्या परिचित गीताची चाल वाजते. ती आपली बंदिश समजावी. बहुधा बत्तीस मात्राखंडांचे तिचे एक आवर्तन असते. चाल एकदा मांडून झाली, की तीच आवर्तने फिरत राहतात आणि वादक त्यांवर आयत्या वेळी सुचेल ती नवी रचना करीत जातो. शेवटी पुन्हा मूळ चाल येते, जणू दीर्घ विस्तारानंतरचा मुखडा. भेद इतकाच, की आपल्याकडे षड्ज स्थिर असतो आणि राग त्याभोवती उलगडतो. तेथे स्वरसंवादांची पार्श्वभूमी मात्राखंडागणिक बदलत असते, आणि वादकाला त्या सरकत्या भुईवर पाय रोवून चालावे लागते.

या पहिल्या त्रयीवर नियतीने घाला घातला. २५ जून १९६१ रोजी न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये तिचे वादन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जुलै रोजी, बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात मरण पावला. वय अवघे पंचवीस. इव्हान्सने पुढे कित्येक महिने जाहीर वादन जवळपास सोडूनच दिले होते. त्या एका रविवारी तेथे ध्वनिमुद्रणयंत्र नसते, तर त्या त्रयीचे ऐन बहरातले वादन आज आपल्याला ऐकावयास मिळाले नसते.

सहा महिन्यांचा संसार

हिल्वरसमच्या मैफलीचे मोल याच कारणासाठी आहे. १९६६ मध्ये पोर्तो रिकोत जन्मलेला तरुण बेसवादक एडी गोमेझ इव्हान्सकडे आला आणि अकरा वर्षे टिकला. १९६८ मध्ये शिकागोचा ड्रमवादक जॅक डिजॉनेट त्यांना येऊन मिळाला. परंतु ही त्रयी जेमतेम सहा महिनेच एकत्र राहिली. डिजॉनेट पुढच्याच वर्षी माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात दिसू लागला. १५ जून १९६८ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो महोत्सवात या तिघांनी केलेल्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिला ग्रॅमी पारितोषिकही लाभले. तीच एक स्मृती उरली, असे रसिक कित्येक दशके समजत होते.

प्रत्यक्षात आणखी धन दडलेले होते. माँत्रोनंतर पाचच दिवसांनी, २० जून रोजी, जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशात फिलिंगेन येथे हे तिघे एका ध्वनिमुद्रणगृहात वाजवून गेले. इव्हान्स दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता. त्यामुळे प्रकाशनाचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि फिती फडताळात पडून राहिल्या. ‘रेझोनन्स रेकॉर्ड्स’ या अमेरिकन संस्थेने त्या २०१६ मध्ये प्रकाशात आणल्या. पुढच्या वर्षी हिल्वरसमची मैफल आली. आणि २०२० मध्ये लंडनच्या ‘रॉनी स्कॉट्स’ येथील जुलै १९६८ चे वादन प्रसिद्ध झाले. त्याच्या फिती खुद्द डिजॉनेटने अर्धशतकाहून अधिक काळ स्वतःच्या संग्रहात जपून ठेवल्या होत्या. सहा महिन्यांच्या या संसाराचे चित्र असे तुकड्यातुकड्यांनी पूर्ण होत गेले.

हिल्वरसमच्या मैफलीत नऊ रचना आहेत. ‘व्हेरी अर्ली’ ही इव्हान्सची स्वतःची, तीन मात्रांच्या झोकात चालणारी. ‘आल्फी’ आणि ‘एमिली’ ही चित्रपटगीते त्याच्या हाती येताच अशी काही अंतर्मुख होतात, की मूळ चाल हलकीफुलकी होती याचा विसर पडावा. ‘एम्ब्रेसेबल यू’मध्ये तेवीस वर्षांचा गोमेझ पुढे येतो, एवढे थोरले वाद्य, परंतु त्याच्या हाती ते सारंगीसारखे गाते. ‘नार्डिस’मध्ये डिजॉनेटला मोकळे रान मिळते. मात्र त्याचे खरे सामर्थ्य, आमच्या मते, त्या स्वतंत्र वादनापेक्षा इतरत्र आहे. हा ड्रमवादक पियानोही उत्तम वाजवीत असे. म्हणून इव्हान्सचे वाक्य कोठे संपणार हे त्याला आधीच उमगते आणि तो तेथे स्वल्पविराम द्यावा तशी एक नाजूक झांज टेकवितो. अडतीस वर्षांचा, एरवी मितभाषी असा इव्हान्स या दोन तरुणांच्या संगतीत वारंवार धिटाईने पुढे सरसावतो, हे या मैफलीचे वैशिष्ट्य होय. १५ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो निवर्तला.

फीत कोणाची?

येथे एक प्रश्न उभा राहतो. कलावंत हयात नसताना, त्याने स्वतः न निवडलेले वादन जगापुढे मांडावे काय? कलावंत आपले काय राहावे आणि काय पुसले जावे हे ठरवितो, तोही त्याच्या कलेचाच भाग असतो. आमचे मत असे, की जेथे वारसांची संमती घेतलेली आहे, त्यांचा व साथीदारांचा मोबदला चुकता केलेला आहे आणि काय, कोठे, केव्हा वाजविले हे प्रामाणिकपणे सांगितलेले आहे, तेथे प्रकाशन ही कृतज्ञता ठरते. या ध्वनिमुद्रिकेसोबतच्या पुस्तिकेत गोमेझ आणि डिजॉनेट या दोघांच्याही आठवणी छापलेल्या आहेत, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. याउलट चोरून काढलेल्या प्रतींचा व्यापार कलावंताचे नाव वापरतो आणि त्याच्या मुलाबाळांच्या हाती काही पडू देत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या अधिक जवळचा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव या नगरांतील मराठी घरांनी गवयांना पंगतीत बसविले, दिवाणखान्यांत मैफली करविल्या, आणि हौशी मंडळींनी त्या फितींवर उतरवून घेतल्या. त्यांपैकी किती फिती आज माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत? चुंबकीय फीत ही अमर वस्तू नव्हे. दमट हवेत तिच्यावरचा थर चिकट होतो. यंत्रावर चढविताच तो खरवडून निघू लागतो आणि त्यासोबत स्वरही जातात. जुन्या ॲसिटेटच्या फिती तर आंबूस वास सोडू लागतात. तो वास म्हणजे विघटन सुरू झाल्याची खूण. जी यंत्रे या फिती वाजवू शकतात, तीही दुर्मीळ होत चालली आहेत.

हिल्वरसमचे तसे नाही. ‘साउंड अँड व्हिजन’ ही त्यांची राष्ट्रीय संग्रहसंस्था त्याच नगरात आहे. एवढे वैभव आपल्यापाशी नसेल. पण घरगुती कर्तव्य तरी आपल्या हाती आहे. वाचकहो, ज्यांच्या घरी अशी फीत असेल, त्यांनी प्रथम ती घाईने वाजवून पाहू नये. कोरड्या, थंड जागी, लोहचुंबक आणि ध्वनिवर्धक यांपासून दूर, उभी ठेवावी. डबीवर गायकाचे नाव, तारीख, स्थळ, तबला कोणी वाजविला, पेटी कोणी, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. कारण नाव हरवलेली फीत वाजू शकली तरी मुकीच राहते. मग जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करून घ्यावी आणि मूळ फीत तरीही फेकू नये.

हे सर्व करण्यापूर्वी गायकाच्या घरच्यांना मात्र एक पत्र अवश्य लिहावे. आपल्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांचा आवाज आहे, हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.