तीनशे दिऱ्हमची समुराई

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस आमच्या ह्यांनी घरात तलवार आणली. खरी तलवार! फ्लॅटमध्ये इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा नाही, तिथे ही पाहुणी.

अल नहदा कसं आहे ते इथल्या मंडळींना सांगायला नकोच. एका बाजूला शारजा, दुसऱ्या बाजूला दुबई. दर महिन्याला कुणीतरी कायमचं परत जातं आणि जाताना घर विकायला काढतं. अशाच एका घरी हे पुस्तकांचं कपाट बघायला गेले आणि तीनशे दिऱ्हम मोजून तलवार घेऊन आले.

"अगं, समुराई आहे! चारशे वर्षांची. विकणाऱ्याला किंमतच कळली नाही."

"किंवा चांगलीच कळली असेल," मी म्हटलं.

पण ह्यांचा जीव त्या तलवारीत का अडकला, ते मला ठाऊक होतं. ह्यांचे चुलत आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात उखरुलजवळ सांगशाकला ही बटालियन जपान्यांशी लढली. आजोबा तिथून परत आले नाहीत. साताऱ्याच्या घरात त्यांचा एक फोटो आहे, बाकी काही नाही.

खंडेनवमीला तलवार पूजेत ठेवायची ठरलं. मग ती लख्ख नको का? मी चिंच भिजत घातली. तेवढ्यात नोकरीनिमित्त बरीच वर्षं जपानात राहिलेले आमच्या मंडळातले एक काका चहाला आले आणि चिंचेचं भांडं बघून ओरडलेच, "वहिनी, थांबा! तो गंज म्हणजे तिचा जन्मदाखला आहे!"

त्या संध्याकाळी काकांनी आमची शाळाच घेतली. जपानी तलवारीचं वय सांगणारी खरी जागा मुठीच्या आत असते. मुठीत एक बांबूची खुंटी असते. ती हलकेच बाहेर काढली की मूठ निघते आणि पात्याचा आत दडलेला भाग दिसतो. त्याला 'नाकागो' म्हणतात. हा भाग जपानी लोक कधीच घासत नाहीत. शेकडो वर्षांचा गंज काळपट, गुळगुळीत, मुरलेला असतो. कोवळा गंज तांबूस असतो. तो घासून टाकला की वय सांगणारा साक्षीदारच गेला!

नाकागोवर पुष्कळदा कारागिराचं नाव असतं, पण नावावर भुलायचं नाही. मोठ्या कारागिरांच्या खोट्या सह्या जपानात शतकानुशतकं होत आल्या. इराणी तलवारींवर 'असदुल्ला' हे नाव इतक्या वेगवेगळ्या काळात सापडतं की ती सगळी पाती एका माणसाने घडवणं शक्यच नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. तिच्यावर देवनागरीत रघुजींचं नाव आहे, पण पातं युरोपातलं, म्हणजे 'फिरंग'! पात्यावरचं नाव घडवणाऱ्याचंच असेल असं नाही.

म्हणून जाणकार आधी पातं बघतात. त्याचा बाक, पोलादाची लाकडासारखी दिसणारी घडण आणि धारेजवळची ढगाळ रेघ, म्हणजे 'हामोन'. पात्याच्या पाठीला मातीचा जाड लेप आणि धारेला पातळ लेप देऊन, तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ चिवट राहते. ही रेघ त्यातूनच उमटते. नकली तलवारीत ती आम्लाने किंवा घासून नुसती वरवर काढलेली असते. जपानात तर विद्यार्थ्यांपुढे नाकागो झाकून पातं ठेवतात आणि कारागीर ओळखायला सांगतात.

मग आमची खुंटी निघाली. नाकागोवर तांबूस गंज, खाली एक सही आणि तारीख. काकांनी वाचली : शोवा, सतरावं वर्ष. हिशेब सोपा आहे. आपण शकात ७८ मिळवतो, तसे शोवाच्या वर्षात १९२५ मिळवायचे. म्हणजे १९४२! वर एक बारीक छापही होता. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी ढिगाने बनवलेल्या, जुन्या पद्धतीने न घडवलेल्या पात्यांवर असे छाप असतात. मुठीवरची चेरीची फुलंही लष्करी तलवारीचीच.

ह्यांचा चेहरा उतरला. "टोकियोला पाठवून दाखला घेऊ या का?" तिथे १९४८ पासून तलवारी तपासून दाखले देणारी संस्था आहे. काका म्हणाले, "मुळीच नको. कारखानी पद्धतीच्या अशा तलवारींची जपानात नोंदणी होत नाही. ती जप्त होऊन नष्ट व्हायची."

चारशे वर्षांची समुराई गेली, पण मला वेगळंच सुचलं. १९४२ ची जपानी लष्करी तलवार! आजोबा ज्या लढाईत गेले, त्याच युद्धातली. चारशे वर्षांच्या तलवारीशी आमच्या घराचा काय संबंध होता?

आता ती पूजेत ठेवायची का? आम्ही साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग विचारलं, "ज्याची होती तो घरी पोचला का रे?" ह्यांना उत्तर देता आलं नाही. "मग कुंकू नका लावू. बाजूला ठेवा आणि हात जोडा."

तसंच केलं. चिंच आमटीत गेली.

तुमच्याही हाती अशी स्वस्तातली तलवार लागली तर मंडळी, एवढं लक्षात ठेवा. पात्याला उघडा हात लावू नका, घामाने गंज चढतो. धार लावून घेऊ नका. नाकागोला तर हातच नको. आधी फोटो काढून जाणकाराला दाखवा. आणि विकत घेण्याआधी, तसंच भारतात नेण्याआधी, पोलीस, कस्टम्स आणि विमान कंपनीला विचारा. आम्ही हे सगळं उलट्या क्रमाने शिकलो!