विकासबँकेचें कर्ज आणि गोंदियाचें खेडें

दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाचा अभाव नव्हे; योग्य वेळीं पैसा हाताशीं नसणें हेंही त्याचें एक स्वरूप आहे. पूर्व विदर्भांतील गोंदिया जिल्ह्यांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा मुलूख तलावांचा व धानाचा. उन्हाळ्यांत मोहफुलें व तेंदूपानें यांवर चार पैसे मिळतात. परंतु आषाढांत रोवणी आली कीं खत, मजुरी यांचा खर्च एकदम उभा राहतो, आणि धान घरीं येतें तें दिवाळीच्या सुमारास. या मधल्या महिन्यांतच गरीब कुटुंबास सावकाराचें दार दिसूं लागतें.

व्याजाचा हिशेब साधा आहे. दरमहा शेंकडा पांच दरानें घेतलेल्या हजार रुपयांवर वर्षाचें व्याज सहाशें रुपये होतें. तेवढीच रक्कम वर्षाला शेंकडा बारा दरानें मिळाली, तर व्याज एकशें वीस. उरलेले चारशें ऐंशी रुपये हेंच त्या घरचें भांडवल. मग असा स्वस्त पैसा गरिबाला मिळत कां नसे? १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतसंस्थांचा पाया घातला खरा; पण पीककर्जाला आधार लागे तो जमिनीचा. ज्याच्या नांवें बांधी नाहीं अशा मजुराजवळ, आणि घरची बांधी असूनही सातबाऱ्यावर नांव नसलेल्या स्त्रीजवळ, तारण द्यावयास कांहींच नव्हतें. शिवाय लहान कर्जाच्या लिखापढीचा खर्च बँकेलाही परवडत नसे.

ही अडचण सोडविण्यासाठीं, १९८२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेनें, म्हणजे 'नाबार्ड'नें, १९९२ मध्यें पांचशें बचतगट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला. दहा ते वीस स्त्रिया एकत्र येतात. नियमित बैठक, नियमित बचत, त्या बचतींतून आपसांत कर्ज, मुदतींत परतफेड आणि चोख हिशेब, हीं त्यांचीं पांच सूत्रें. सुमारें सहा महिने व्यवहार नीट चालला कीं बँक गटाचें दप्तर तपासते व बचतीच्या पटींत कर्ज देते. येथें तारण जमिनीचें नसून नियमितपणाचें असतें. एकीनें हप्ता चुकविला तर साऱ्यांची पत जाते, म्हणून शेजारीणच शेजारणीची विचारपूस करते. नाबार्ड बँकेस मागून पुनर्वित्त पुरविते. गटाशीं व्यवहार बँकेचाच.

परदेशचें साह्यही या कामीं आलें. रोम येथील आंतरराष्ट्रीय कृषि विकास निधीच्या कर्जावर 'तेजस्विनी' कार्यक्रम महाराष्ट्रांत २००७ ते २०१८ पर्यंत चालला. महिला आर्थिक विकास महामंडळानें तो राबविला आणि गोंदियासह जिल्ह्याजिल्ह्यांत लोकसंचालित साधन केंद्रें उभीं केलीं. त्यांचा कारभार गटांतील स्त्रियाच पाहतात. हिशेब, शिक्षण व बँकेशीं बोलणीं यांच्या मोबदल्यांत गट केंद्राला शुल्क देतात. बाहेरचा पैसा एक दिवस थांबणारच, हें ओळखून केलेली ही तजवीज होय.

मध्य आशियांतील किरगिझस्तानची कथा याहून फार निराळी नाहीं. १९९१ मध्यें सोव्हिएट सत्ता कोसळल्यावर तेथील सामुदायिक शेतें वांटलीं गेलीं. शेतकऱ्याला जमीन मिळाली, पण पत मिळाली नाहीं. तेथेंही आशियाई विकास बँकेनें सभासदांच्या बचतीवर चालणाऱ्या पतसंघांना हात दिला.

तथापि कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. तें आजारपणांत वा लग्नांत खर्चिलें गेलें, तर हप्ता फेडण्यासाठीं दुसरें कर्ज काढावें लागतें. कर्ज स्त्रीच्या नांवें आणि खर्च पुरुषाच्या हातीं, असेंही घडतें. तेव्हां तो बोजा तिच्या मजुरीवर पडतो. शेळ्या, भाजीपाला, तलावांतील मासळी, लाख किंवा कोसा अशा उद्योगांत पैसा गुंतला, त्याला बाजार मिळाला, तरच तो वाढून परत येतो. आणि भूमिहीन, वृद्ध, रोगी यांना कर्जापेक्षां मजुरी, धान्य व औषधोपचार यांचीच गरज अधिक; तो भार सरकारनें उचलावयास हवा. बँक शिडी देऊं शकते. पण ज्याच्या पायांत उभें राहण्याचें बळ नाहीं, त्याला आधीं हाताचा आधार लागतो. या दोन गोष्टींतील भेद ओळखून योजना आंखली, तरच विकासबँकेचा पैसा खेड्यांत रुजेल.