राजधानी पडली, राज्य उभं राहिलं

शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला, नदीच्या घाटावर, सरसेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखवतात. कृष्णा-पंचगंगेच्या या मुलखातून शेकडो मैल दूर, आजच्या तामिळनाडूतल्या जिंजीला वाचवण्यासाठी संताजी वर्षानुवर्षं लढले. कारण तेव्हा मराठ्यांची राजधानी जिंजी होती!

राजधानी बदलणं मराठ्यांना नवं नव्हतं. शिवाजी महाराजांचा कारभार आधी राजगडावरून चाले. पुढे तो रायगडावर गेला आणि 6 जून 1674 ला राज्याभिषेकही तिथेच झाला. ही दोन्ही ठिकाणं सह्याद्रीतलीच. खरी परीक्षा आली ती 1689 मध्ये. मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारलं. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंनी लहानग्या शाहूसह गडावर राहायचं ठरवलं आणि दीर राजाराम महाराजांना बाहेर काढलं. ते पन्हाळ्यावर आले आणि तिथून वेषांतर करून दक्षिणेला निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी मोगलांचा रोष पत्करून त्यांना आश्रय दिला. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि शाहू कैद झाले. राजा मात्र जिंजीला पोचला होता.

तीन डोंगर तटबंदीने जोडलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1677 मध्येच घेऊन ठेवला होता. ती दूरदृष्टी बारा वर्षांनी कामी आली. जिंजीत नवा दरबार उभा राहिला, तिथून सनदा सुटू लागल्या. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य राजाच्या वतीने कारभार पाहत होते. औरंगजेबाला फौज दोन ठिकाणी वाटावी लागली. मोगल सरदार झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला आणि मराठा सेनानी संताजी-धनाजी त्याची रसद मारत राहिले. हा वेढा सात वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. 1698 च्या सुरुवातीला किल्ला पडला, तोवर राजाराम महाराज निसटलेही होते.

राजा असा निसटण्याचं मोल ब्रह्मदेशाकडे पाहिलं की नीट कळतं. तिथल्या राजांनीही राजधान्या अनेकदा हलवल्या: आवा, अमरापुरा, मग 1857 नंतर मंडाले. अमरापुराचा लाकडी राजवाडा सुटा करून मंडालेला नेला आणि पुन्हा उभारला गेला. पण 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रज मंडालेत शिरले आणि थिबा राजा त्यांच्या हाती लागला. युद्ध जेमतेम दोन आठवड्यांचं. त्यानंतर गावोगावी लोक काही वर्षं लढत राहिले, पण त्यांना एकत्र बांधणारा राजा दूर आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. तिथेच 1916 मध्ये त्याचा अंत झाला. राजवाडा हलवता येतो, पण राजा शत्रूच्या हाती पडला की राज्याचा कणा मोडतो. येसूबाईंनी 1689 मध्ये नेमकं हेच ओळखलं होतं.

जिंजीनंतर साताऱ्याची पाळी आली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आलेल्या शाहूंचा 1708 मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली. एका राज्याच्या दोन राजधान्या झाल्या. 1731 च्या तहाने वारणा ही दोघांमधली सीमा ठरली. दक्षिणेकडचा मुलूख पन्हाळ्याच्या, म्हणजेच करवीरच्या गादीकडे आला. शिरोळ वारणेच्या याच बाजूला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात उतरली.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत राजगड, रायगड, पन्हाळा आहेत आणि दूरची जिंजीही आहे. रायगड चढणाऱ्या प्रत्येकाने एकदा जिंजीही चढावी. रायगड हातचा गेल्यावर स्वराज्य कुठे आणि कसं जगलं, हे तिथे गेल्याशिवाय पुरतं उमगत नाही.